गोठवायचं नाही

कार्डावर लाल पेनाने एक शब्द, त्याभोवती गोल.
आचरेकर सिस्टरनी कार्ड माझ्याकडे वळवलं
शेजारच्या बाईपासून तळव्याने झाकून,
लिलावात भाव सांगावा तसं, फक्त एका गिऱ्हाइकाला.

पांढरी कावीळ.
डोळे पिवळे नाहीत, नखं पिवळी नाहीत,
घरी येऊन आरशात तीनदा बघितलं.
कुठून आली, विचारलं होतं मी.
"आईकडून असेल. तू जन्मलीस तेव्हाच."
माझ्या आईला कुणी काही विचारलंच नव्हतं.
सुईणीने नाळ कापली, नारळ फोडला,
घड्याळाकडे बघितलं नाही कुणी.

माझ्या वेळी बघायचंय.
बाळ बाहेर आलं की बारा तासांच्या आत
दोन मांड्यांत दोन सुया.
एक लस, ती देवगडात असते.
दुसरी महागडी, ती नसते.
ती आठवडाभर आधी ओरोसहून आणायची,
एसटीने, भर उन्हात.
बारा तास म्हणजे किती, मी माझ्यापुरतं ठरवलं:
एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत,
पाणी पायरीला लागायच्या जरा आधीच.

सुहास बर्फाच्या कारखान्यात.
त्या आठवड्यात पहिल्यांदा हसला.
"थंडीचं माझ्यावर सोडा सिस्टर, लादीच आणतो."
"गोठवायचं नाही हो, तांडेल!
गोठलं की औषध फुकट.
दोन ते आठ डिग्री. त्याच्या मधेच."
सुहास गप्प झाला.
चौदा वर्षं त्याने गोठवण्याचंच काम केलंय.

संध्याकाळी पडवीत थर्मास, भुसा, फुटका बर्फ,
मुंबईच्या मेव्हण्याकडून मागवलेलं थर्मामीटर,
आणि खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली
नळाचं पाणी भरून.
"पाच... चार... चार... दीड. गेलं औषध."
पुन्हा पहिल्यापासून.
रात्री अडीचला उठून झाकण उघडतो, टॉर्च मारतो,
पाळण्यात वाकून बघावं तसा.

सासूबाईंना शेवटी सांगितलं.
त्या काही बोलल्या नाहीत,
माझा कप तेवढा खिडकीत वेगळा ठेवला.
दोन दिवस मीही बोलले नाही.
कपाला मुंग्या लागल्या.
तिसऱ्या दिवशी मयुरी आली, आशाताई,
जिन्नस पसरावेत तशी एकेक गोष्ट मांडून बसली:
ताटावाटीतून नाही जात ही, काकी.
शेजारी झोपून नाही, शिंकेतून नाही.
रक्तातून जाते. घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या.
बाळाला पाजायचं का? पाजायचं, खुशाल.
"माका काय होतला?" सासूबाई म्हणाल्या,
पण सोमवारी गेल्या, इरकल नेसून,
लग्नाला गेल्यासारखा दंड पुढे केला.
काही निघालं नाही.
आल्या, खिडकीतला कप विसळला,
त्यात मला चहा दिला, अर्धा मी प्यायले,
उरलेला त्यांनी संपवला.
"थंड झालो गो. साखर कमी."
माफी म्हणायची तर हीच. मी ती घेतली.

मागच्या दारावर आता खडूने लिहिलंय:
बाबल्याची रिक्षा, दोन नंबर.
तो उचलत नसेल तर त्याची बायको.
डॉक्टरांना पहिलं वाक्य कोणतं सांगायचं, तेही,
कारण कळांमध्ये मी ते विसरेन,
आणि लाजेन. लाजायचं नाही, असं लिहिलं नाही.
ते दारावर मावलं नसतं.

छत्तिसाव्या आठवड्यात रात्री पोट आवळलं.
बाबल्याने लुंगीवरच रिक्षा काढली.
कपड्यांची पिशवी घरी राहिली,
दुपटी राहिली, माझी फाईलसुद्धा.
सुहासच्या मांडीवर थर्मास होता.

खोट्या कळा, सिस्टर म्हणाल्या, आणि हे काय?
त्याने झाकण उघडलं.
त्यांनी खोकल्याची बाटली उजेडात धरली,
नळाचं पाणी हलवून बघितलं,
थर्मामीटर वाचायला चष्मा वर केला.

"चार," त्या म्हणाल्या.
"बरोबर आहे. आता घरी जा."